लिंक हिरवी, डेटा शून्य: पंपहाऊसच्या पॅनेलमध्ये ईथरनेट जोडताना

काम कूलिंग वॉटर पंपहाऊसचे. तीन पंप आणि प्रत्येकाला मोटरचा वेग सांभाळणारा जी१२० ड्राइव्ह, पॅनेलमध्ये सीमेन्स एस७-१२०० मालिकेतला १२१४सी सीपीयू, म्हणजे हे सगळे चालवणारा पीएलसी, दारावर ऑपरेटरसाठी केटीपी७०० एचएमआय स्क्रीन. ड्राइव्ह प्रोफिनेटवर, म्हणजे ईथरनेटवर चालणाऱ्या औद्योगिक प्रोटोकॉलवर. एमसीसीतले (मोटरांच्या स्विचगिअर पॅनेलमधले) चार एनर्जी मीटर आरएस-४८५ या सीरियल लाइनवर, तिथून मॉडबस प्रोटोकॉलचे निरोप इकडून तिकडे नेणाऱ्या एका गेटवेमार्फत ईथरनेटवर. कंट्रोल रूममध्ये स्काडाचा, म्हणजे देखरेखीच्या सॉफ्टवेअरचा, पीसी. चाकण-भोसरी पट्ट्यात अशी पॅनेल सतत उभी राहत असतात, आणि अडायचे ते ठरलेल्याच जागी अडते.

साइटवर ‘कम्युनिकेशन नाही’ हे एकच वाक्य चार निरनिराळ्या दुखण्यांसाठी वापरले जाते. तांब्यातून सिग्नलच पोचत नाही, हे पहिले. सिग्नल पोचतो पण पत्ता किंवा नाव चुकले आहे, हे दुसरे. पत्ता बरोबर, पण समोरचा त्या टीसीपी पोर्टवर बोलायला तयार नाही, हे तिसरे. सगळे बोलत आहेत, पण आलेला आकडा भलताच आहे, हे चौथे. एचएमआयवर बहुतेक वेळा दिसतात त्या मात्र त्याच जाळीच्या खुणा (####) किंवा शून्ये. त्यामुळे आम्ही काम खालून वर करतो, आणि खालची पायरी पक्की झाल्याशिवाय प्रोग्रॅमला हात लावत नाही.

केबल ओढायच्या आधी पत्ते कागदावर लिहिले. पीएलसी १९२.१६८.०.१०, एचएमआय .२०, ड्राइव्ह .३१ ते .३३, गेटवे .४०, स्काडा .१००, प्रोग्रॅमिंगच्या लॅपटॉपसाठी .२००. मास्क सगळीकडे २५५.२५५.२५५.०. पीएलसीला मुद्दाम .१ दिला नाही. टीआयए पोर्टल हे सीमेन्सचे प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर नव्या प्रोजेक्टमध्ये पहिल्या पीएलसीला आपणहून १९२.१६८.०.१ देते आणि बरेच मशीनवाले तो तसाच ठेवतात. पुढे कधी शेजारचे मशीन याच स्विचला जोडले, की पहिली टक्कर त्या पत्त्यावर ठरलेली. राउटर नसलेल्या नेटवर्कमध्ये डिफॉल्ट गेटवेचा (म्हणजे राउटरच्या पत्त्याचा, मॉडबस गेटवेचा नव्हे) रकाना रिकामाच ठेवावा.

१२१४सी ला पोर्ट एकच, त्यामुळे २४ व्होल्टवर चालणारा, डिन रेलवर बसणारा आठ पोर्टचा स्विच घेतला. ड्राइव्हच्या कंट्रोल युनिटला दोन पोर्ट असतात. एकातून दुसऱ्यात अशी साखळी केली की केबल वाचते आणि ड्रॉइंगवरही ते छान दिसते. पण कंट्रोल युनिटला बाहेरून २४ व्होल्ट दिले नसतील, तर ते पॉवर मॉड्यूलमधूनच जगते. देखभालीसाठी एका पंपाचा आयसोलेटर पाडला की ते युनिट मरते आणि साखळीतले पुढचे ड्राइव्हही नेटवर्कवरून जातात. म्हणजे दुरुस्ती एका पंपाची आणि बंद तीन. म्हणून प्रत्येक ड्राइव्हची केबल थेट स्विचला नेली, शिवाय टर्मिनल ३१ आणि ३२ वर वेगळा २४ व्होल्ट सप्लाय दिला.

ज्या सीपीयूंना दोन पोर्ट असतात, त्यांच्याबद्दल एक गैरसमज इथेच सांगून टाकतो. १२१५सी वरचे दोन पोर्ट म्हणजे आतला छोटा स्विच; पत्ता एकच. एकात मशीनचे नेटवर्क आणि दुसऱ्यात ऑफिसचे लावले म्हणून ती वेगळी होत नाहीत, उलट एकमेकांना जोडली जातात. खरोखर वेगळे नेटवर्क हवे तर वेगळे कम्युनिकेशन मॉड्यूल लागते, किंवा १५१५ सारखा, एक्स१ आणि एक्स२ असे दोन स्वतंत्र इंटरफेस असलेला सीपीयू.

आता तांबे. पॅनेलच्या आत तयार पॅच कॉर्ड, बाहेर हिरवी चार तारांची प्रोफिनेट केबल. तिचा क्रम: पिवळी १, नारिंगी २, पांढरी ३, निळी ६. शंभर मेगाबिटला एवढ्याच चार पिना लागतात. कंट्रोल रूमची आठ तारांची केबल टी५६८बी क्रमाने: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवर हिरवी जोडी येते आणि तिच्या मधे निळी, हे विचित्र वाटते खरे. म्हणून काही जण सरळ जोड्या ओळीने बसवतात: १-२, ३-४, ५-६, ७-८. साधा दिव्यांचा टेस्टर अशा केबलला आठही दिवे लावून पास करतो, कारण तो फक्त सलगता बघतो. प्रत्यक्षात मात्र ३ आणि ६ च्या तारा दोन वेगळ्या जोड्यांतल्या असतात. पिळाचा उपयोग संपतो आणि सिग्नल शेजारच्या जोडीत झिरपतो. दोन मीटरची अशी केबल चालून जाते, चाळीस मीटरची अधूनमधून पॅकेट गाळते. लिंकचा दिवा दोन्ही वेळा हिरवाच. जोड्या ओळखणारा टेस्टर नसेल, तर क्रिंप केलेल्या प्लगमधून दिसणारे रंग डोळ्यांनी वाचणे हाच उपाय. ती तपासणी वेळ खाते, पण टाळू नये.

तांब्याच्या एका टप्प्याची मर्यादा १०० मीटर, आणि त्यात दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डही धरायच्या. ड्राइव्ह ते मोटर केबल आणि ईथरनेट केबल एका ट्रेमध्ये ठेवल्या नाहीत. समांतर धावताना किमान २०० मिलिमीटरचे अंतर, आणि ओलांडायचेच असेल तर काटकोनात. मोटरच्या शील्डेड केबलचे शील्ड शेपटी पिळून अर्थला बांधले की उच्च वारंवारितेच्या गोंगाटाला ती शेपटी पुरत नाही. क्लॅम्पने पूर्ण गोलाईभर धरून ते प्लेटला टेकवावे लागते. ‘पंप थांबलेला असताना कम्युनिकेशन छान, पंप सुरू झाला की तुटते’ अशी तक्रार आली की प्रोग्रॅमला हात न लावता आधी ट्रे आणि अर्थिंग बघायचे.

लॅपटॉपला .२०० दिला आणि वाय-फाय बंद केले. घरचा किंवा ऑफिसचा वाय-फायही बहुधा १९२.१६८.०.x किंवा १.x वरच असतो. दोन ॲडॅप्टर एकाच सबनेटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या एकाच गटात, आले की विंडोज पॅकेट कुठून पाठवील याचा नेम नाही. लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर पत्ता स्वयंचलित ठेवलेला आहे आणि तो देणारा कोणी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कोरा एस७-१२०० पत्त्याशिवाय येतो, त्यामुळे त्याला पिंग करण्यात अर्थ नाही. टीआयए पोर्टलमधले ‘ॲक्सेसिबल डिव्हायसेस’ डीसीपी नावाच्या प्रोटोकॉलने शोधते. तो आयपीच्या खाली, मॅक पत्त्यावर, म्हणजे उपकरणाच्या कारखान्यातूनच आलेल्या पत्त्यावर चालतो. म्हणून लॅपटॉपचा सबनेट चुकला तरी सीपीयू यादीत दिसतो, पण राउटरच्या पलीकडचा कधीच दिसत नाही. यादी रिकामी आली तर आम्ही तीन गोष्टी पाहतो: इंटरफेसच्या रकान्यात बरोबर लॅन कार्ड निवडले आहे का, त्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रोफिनेटचा प्रोटोकॉल टिक केलेला आहे का, आणि सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये असेल तर नेटवर्क ‘ब्रिज्ड’ आहे का. व्हर्च्युअल मशीन नॅटवर (लॅपटॉपच्या पत्त्याआड) असेल तर पिंग जाते पण डीसीपी जात नाही, आणि माणूस तासभर केबल बदलत बसतो.

ड्राइव्हच्या बाबतीत पत्त्यापेक्षा नाव मोठे. प्रोफिनेट कंट्रोलर आपल्या डिव्हाइसला नावाने शोधतो आणि मग स्वतःच त्याला आयपी देतो. प्रोजेक्टमधले नाव आणि ड्राइव्हमध्ये लिहिलेले नाव अक्षर न् अक्षर जुळले नाही, तर पिंग होते, केबल ठीक असते, आणि सीपीयूचा लाल एरर दिवा मात्र लुकलुकत राहतो. नावात लहान इंग्रजी अक्षरे, आकडे, हायफन आणि टिंब एवढेच चालते. अंडरस्कोर किंवा मोठे अक्षर वापरले, तर टीआयए पोर्टल त्याचे रूपांतर करते. ‘पीएलसी_१’ असे डिफॉल्ट नाव नेटवर्कवर ‘पीएलसीएक्सबी१डी०ईडी’ होऊन बसते. नावात असे ‘एक्सबी’ कुठेही दिसले की मूळ नावात अंडरस्कोर होता हे ओळखावे. आम्ही सरळ पंप१, पंप२, पंप३ अशी नावे दिली.

नावे देताना एका वेळी एकच ड्राइव्ह चालू ठेवला, नाहीतर तिन्ही सारखे दिसतात आणि पंप१ चे नाव पंप३ वर चढते. चालूच असतील तर ‘फ्लॅश एलईडी’ दाबून कुठल्या ड्राइव्हचा दिवा मिचमिचतो ते पाहावे, किंवा कंट्रोल युनिटवर छापलेला मॅक पत्ता ताडून पाहावा. उलटसुलट नावांचा दोष फार लबाड: संपर्क पूर्ण व्यवस्थित, फक्त बटण एका पंपाचे आणि फिरतो दुसरा.

नाव जुळूनही ड्राइव्ह हलेना, तर टेलिग्राम, म्हणजे पीएलसी आणि ड्राइव्ह यांच्यात जाणाऱ्या शब्दांचा ठरलेला साचा. ड्राइव्हमध्ये पी०९२२ या पॅरामीटरवर निवडलेला टेलिग्राम आणि प्रोजेक्टमधला एकच हवा. टेलिग्राम १ ला दोन शब्द जातात: कंट्रोल वर्ड आणि वेग. कंट्रोल वर्ड आधी १६#०४७ई (१६# म्हणजे हेक्साडेसिमल आकडा), मग १६#०४७एफ. थेट ०४७एफ पाठवले तर ड्राइव्ह सुरू होत नाही, कारण त्याला शून्यावरून एकवर जाणारी कड हवी असते. वेगाच्या शब्दात १६#४००० म्हणजे पी२००० मध्ये लिहिलेला संदर्भ वेग, शंभर टक्के.

अपडेट टाइम टीआयए बहुधा २ मिलिसेकंद ठरवते आणि सलग तीन चुकलेल्या चक्रांनंतर संपर्क तुटला असे मानते, म्हणजे ६ मिलिसेकंदांत निकाल. पाण्याच्या पंपाला एवढी घाई कशाला? आम्ही १६ मिलिसेकंद ठेवले. त्याने क्षणिक गोंगाटाने होणारे ट्रिप टळतात. पण ड्राइव्ह वारंवार एफ०८५०१ वर (संपर्क तुटल्याच्या दोषावर) ट्रिप होत असेल, तर वेळ वाढवून ते झाकू नये. तिथे केबलमध्ये किंवा शील्डमध्ये दुखणे आहेच.

एचएमआयचे काम सोपे होते. जी अडचण येते ती नव्या जोडीत: टीआयए व्ही१७ आणि सीपीयू फर्मवेअर ४.५ पासून एचएमआयशी बोलणे सर्टिफिकेटने सुरक्षित होते. पॅनेलने ते सर्टिफिकेट स्वीकारावे लागते आणि दोन्हीकडची घड्याळे बरोबर हवीत. एस७-१२०० चे घड्याळ बॅटरीविना साधारण २० दिवस टिकते. स्टोअरमध्ये दोन महिने पडलेला सीपीयू जोडला, की तारीख मागे गेलेली असते आणि सर्टिफिकेट अवैध ठरते. अशा वेळी आधी तारीख लावावी.

सर्वाधिक वेळ खाल्ला तो मीटरांनी, आणि त्याचे मला नवल वाटत नाही. मॉडबस १९७९ सालचा. टीसीपीवर तो ५०२ पोर्टवर बोलतो, पण त्याच्या पोटात अजूनही सीरियल लाइनचे संस्कार आहेत. पीएलसीत प्रोग्रॅम लिहिण्याआधी लॅपटॉपवरच्या मॉडबस चाचणी सॉफ्टवेअरने प्रत्येक मीटर वाचून पाहिला. इथे वाचला गेला नाही तर पीएलसीतही जाणार नाही.

आधी सीरियल बाजू. गेटवे आणि चारही मीटर ९६०० बॉड, एकच पॅरिटी. मॉडबसच्या नियमानुसार मूळ पॅरिटी ‘ईव्हन’, पण अनेक मीटर ‘नन’ वर येतात. ए आणि बी या खुणा सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत. उत्तर येईना तर दोन तारा अदलाबदल करून पाहण्यात काही बिघडत नाही. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहम, मधल्या मीटरांना नाही.

मग युनिट आयडी, म्हणजे लाइनवरच्या मीटरचा क्रमांक. पीएलसीतून मॉडबसवर विचारणाऱ्या सीमेन्सच्या एमबी_क्लायंट ब्लॉकमध्ये हा आकडा त्याच्या स्वतःच्या डेटा ब्लॉकमध्ये, म्हणजे इन्स्टन्स डीबीत, लपलेला असतो आणि मूळचा २५५ असतो. थेट ईथरनेट उपकरणाला ते चालून जाते. गेटवेला मात्र त्यावरूनच कळते की निरोप कुठल्या मीटरचा. २५५ तसाच राहिला तर गेटवे त्या क्रमांकाच्या मीटरला हाक मारतो, कोणी ओ देत नाही, आणि ब्लॉकवर १६#८०सी८, म्हणजे मुदतीत उत्तर नाही, असा स्टेटस येतो. हा स्टेटस एकाच स्कॅनपुरता टिकतो. एरर बिट आला त्याच क्षणी तो दुसऱ्या शब्दात उतरवून ठेवला नाही तर ऑनलाइन बघताना हाती शून्यच लागते.

चार मीटरांसाठी चार ब्लॉक टाकले नाहीत. एस७-१२०० वर खुल्या संवादाला राखीव कनेक्शन आठच, आणि लहान गेटवेही मोजकीच स्वीकारतात. (लॅपटॉपवरचे चाचणी सॉफ्टवेअर उघडे राहिले तर तेही एक जागा अडवते.) एकच ब्लॉक, एकच इन्स्टन्स, आणि पायऱ्यांचा क्रम: युनिट आयडी १ टाका, विनंती करा, ‘डन’ किंवा ‘एरर’ येईपर्यंत थांबा, मग २. थांबण्याची ही अट गाळून टायमरवर विनंत्या सोडल्या की एका मीटरचे उत्तर दुसऱ्याच्या खात्यात पडू लागते. वेळेचा हिशेबही करून ठेवावा. २० रजिस्टर (मीटरमधले १६ बिटांचे कप्पे) वाचायला विनंतीचे ८ आणि उत्तराचे ४५ बाइट. ९६०० बॉडवर, बाइटला ११ बिट धरून, ते साधारण ६१ मिलिसेकंद. चार मीटरांचे पाव सेकंद, त्यात मीटरचा विचार करण्याचा वेळ वेगळा. एक मीटर बंद पडला की गेटवेच्या प्रतीक्षेची मुदतही त्यात मिळवायची. पीएलसीची मुदत गेटवेच्या मुदतीपेक्षा मोठीच हवी, नाहीतर गेटवेकडून कारण सांगणारा एक्सेप्शन ११ (मीटरने उत्तर दिले नाही) यायच्या आधीच पीएलसी कंटाळून निघून गेलेला असतो.

यानंतर चौथे दुखणे, भलता आकडा. मीटरच्या पुस्तिकेत रजिस्टर एकपासून मोजले आहेत की शून्यापासून, हे स्पष्ट लिहिलेले सहसा नसते. शिवाय ४ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे होल्डिंग रजिस्टर, फंक्शन ३. ३ ने सुरू होणारा म्हणजे इनपुट रजिस्टर, फंक्शन ४. फंक्शनच चुकले तर एक्सेप्शन १ किंवा २ येतो आणि निदान कळते तरी. पत्ता एकाने चुकला तर काहीच कळत नाही, आकडे येत राहतात.

आम्ही जुळवणीसाठी फ्रिक्वेन्सी वापरतो, कारण आपल्याकडे ती ५० हर्ट्झच्या आसपासच असणार. फ्लोटिंग पॉइंटमध्ये ५०.० म्हणजे १६#४२४८००००. म्हणून दोन रजिस्टर साध्या पूर्णांकात पाहिले तर वरच्या शब्दात १६९६८ दिसतो. ५० च्या किंचित खाली असेल तर १६९६७. हा आकडा पहिल्या रजिस्टरमध्ये सापडला तर वरचा शब्द आधी येतो आणि एस७ ला तो जसाच्या तसा चालतो. दुसऱ्यात सापडला तर शब्द उलटे आहेत; डबल वर्ड १६ बिट फिरवला की काम होते. पुढच्या-मागच्या रजिस्टरमध्ये सापडला तर पत्ता एकाने सरकवायचा. एका आकड्यात दोन्ही प्रश्न सुटतात. रूपांतर करताना बिट जसेच्या तसे रिअलमध्ये न्यायचे. डीइंट-टू-रिअल वापरले तर पन्नासऐवजी शंभर कोटींच्या वरची रक्कम येते.

स्काडासाठी तिसरी पायरी पाहावी लागली: पिंग होते, डेटा नाही. पिंगला उत्तर देणे हे ईथरनेट इंटरफेसचे काम. सीपीयू स्टॉपमध्ये असला तरी तो देतो. म्हणून पॉवरशेलमधली ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही कमांड पत्ता आणि सीमेन्सच्या एस७ संवादाचा पोर्ट १०२ देऊन चालवली. पोर्ट उघडा, तरीही टॅग खराब, म्हणजे परवानगीचा प्रश्न. फर्मवेअर ४.० पासून पुट-गेट संवादाला (बाहेरून सीपीयूची मेमरी थेट वाचण्या-लिहिण्याला) सीपीयूच्या संरक्षण सेटिंगमध्ये मुद्दाम टिक द्यावी लागते. स्काडा ज्या डीबीला पत्त्याने वाचणार, तिचा ‘ऑप्टिमाइज्ड ॲक्सेस’ काढून पुन्हा कंपाइल आणि डाउनलोड करावे लागते. ड्रायव्हरमध्ये रॅक ०, स्लॉट १. एस७-३०० ची सवय असलेले हात स्लॉट २ टाकतात. पुट-गेटची टिक दिली की त्या नेटवर्कवरचा कोणीही लिहू शकतो, त्यामुळे हे नेटवर्क ऑफिसच्या लॅनला थेट जोडणे मला मान्य नाही. फर्मवेअर ४.४ पासून ओपीसी यूए या सामाईक, सुरक्षित संवादाचा सर्व्हर मिळतो. लायसन्सचे पैसे द्यायची तयारी असेल तर तोच मार्ग बरा.

याच जागी ॲलन-ब्रॅडलीचा पीएलसी असता तर पायऱ्या त्याच, खाचखळगे वेगळे. कोरा कॉम्पॅक्टलॉजिक्स बूटपी-डीएचसीपीवर, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडे, पत्ता मागत बसतो. सर्व्हर सॉफ्टवेअरने पत्ता दिल्यावर ‘डिसेबल बूटपी’ केले नाही, तर पुढच्या पॉवर सायकलला तो पत्ता विसरतो. एक्सप्लिसिट संवाद, म्हणजे विचारले तर उत्तर असा, टीसीपी ४४८१८ वर, आयओ डेटा यूडीपी २२२२ वर. फायरवॉलमधून फक्त पहिला सोडला तर ऑनलाइन जाता येते पण आयओ जुळत नाही.

अधूनमधून येणारे दोष वेगळ्या चालीने धरावे लागतात. एखादे उपकरण कधी सापडते, कधी नाही, तर त्याची केबल काढून त्याच पत्त्याला पिंग करावे. केबल काढलेली असताना उत्तर आले, तर तो पत्ता दुसऱ्या कोणाकडे तरीही आहे. लॅपटॉपच्या एआरपी तक्त्यातला (कुठला आयपी कुठल्या मॅककडे याच्या नोंदीतला) मॅक पत्ता तो कोण हे सांगतो. उपकरण बदलल्यावर काही मिनिटे संपर्क नसेल तर जुना एआरपी पुसावा. स्विचचे सगळे दिवे एका तालात धडधडू लागले आणि सगळेच एकदम गेले, तर कुठेतरी वेटोळे झाले आहे: दोन पोर्टच्या ड्राइव्हमधून दोन केबल एकाच साध्या स्विचला. आणि एका टोकाला वेग-डुप्लेक्स हाताने बांधलेला व दुसरे टोक ऑटोवर असेल, तर ऑटोवाले हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने बोलणे) धरते. पिंग चालते, भार वाढला की पॅकेट गळतात. मीडिया कन्व्हर्टर मधे असला की हे आधी तपासावे.

सोपवण्याआधी पंप चालू असताना एकेक केबल उपटून पाहिली. ड्राइव्हची काढल्यावर ड्राइव्ह ट्रिप झाला पाहिजे आणि पर्यायी पंप आला पाहिजे. गेटवेची काढल्यावर मीटरचे जुने आकडे एचएमआयवर तसेच गोठून राहतात, कारण डीबीत शेवटचे मूल्य पडून असते. म्हणून प्रत्येक मीटरमागे एक टायमर ठेवला: दहा सेकंदांत ‘डन’ आला नाही तर ते मूल्य राखाडी होते आणि अलार्म येतो. स्काडासाठी सीपीयूत दर सेकंदाला एकाने वाढणारा शब्द ठेवला. तो थांबला की ट्रेंडच्या रेषेवर विश्वास ठेवायचा नाही, हे ऑपरेटरला स्क्रीनवरच लिहून दिले.